तलवारीवरची खोटी सही

जुन्या जपानी तलवारींच्या नादाला नव्याने लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: "पहिली कोणती घेऊ?" आणि मुरलेले संग्राहक देतात ते उत्तरही ठरलेलं: "आधी पुस्तक घे." मग नवखा हिरमुसतो. त्याच्या खिशात पैसे खुळखुळत असतात आणि हे लोक वाचायला सांगतात!

सल्ला चुकीचा नाही. कोकान नागायामांचं पारख शिकवणारं पुस्तक इंग्रजीत मिळतं. योशिन्दो योशिहारा या तलवारकाराबरोबर कॅप पतीपत्नींनी लिहिलेलं १९८७ चं पुस्तक तलवार घडते कशी हे सांगतं. दोन्ही चांगली आहेत. पण मला वाटतं, या उत्तरात खरी गोष्ट राहूनच जाते. या छंदात काय घ्यायचं हे उशिरा कळलं तरी फारसं बिघडत नाही. काय करायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी कळायला हवं. चुकीची तलवार घेतली तर पैसे जातात, आणि ते पुन्हा मिळवता येतात. तलवारीला चुकीचा हात लावला तर चारशे वर्षांची वस्तू जाते.

आपल्याकडे हे पटवणं जरा अवघडच. तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून लख्ख करायची, कळकट वस्तू घरात ठेवायची नाही, हे आपल्या हाडीमांशी खिळलेलं. जुनी वस्तू हातात आली की आपला हात आपोआप घासायला उठतो. जपानी तलवारीच्या बाबतीत हा सद्गुण म्हणजे चक्क विध्वंस आहे.

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला नाकागो म्हणतात. त्यावर कधी तेल लावत नाहीत, त्याला घासत नाहीत, त्यावरचा गंज तसाच राहू देतात. त्या गंजाचा रंग, पोत, खोली यावरून जाणकार वय सांगतात. कानशीचे जुने ओरखडे कोणत्या दिशेचे आहेत यावरून घराणं सांगतात. कारागिराची सही असते ती इथेच. कोणीतरी हौसेने सॅंडपेपर घेऊन हा भाग 'साफ' करतो आणि दहा मिनिटांत तलवारीचा जन्मदाखला पुसून टाकतो.

पात्याचंही तेच. पोलादाला पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. त्यामुळे धार कडक होते, पाठ त्यामानाने मऊ राहते आणि दोन्हींच्या सीमेवर जी धूसर पांढरी नक्षी उमटते ती हामोन. ती दिसते ती शिकलगाराच्या कौशल्यामुळे. एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर हे काम दिवसेंदिवस चालतं. आपल्या गावातल्या धार लावणाऱ्याने चाकावर धरली की संपलंच. आणि हे काम उत्तमातल्या उत्तम शिकलगाराने केलं तरी दर वेळी थोडं पोलाद जातंच. वरचं घडीचं पोलाद झिजून आतलं मऊ पोलाद डोकावू लागलं की त्या पात्याला 'थकलेलं' म्हणतात. म्हणजे प्रत्येक तलवारीच्या वाट्याला मोजकीच पॉलिशं असतात. त्यातलं एक आपल्या हौसेपायी खर्च करायचं का, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारायचा असतो.

तलवार महाग, म्हणून अनेकजण नवख्याला सुचवतात की साजापासून सुरुवात कर. पातं आणि मूठ यांच्यामधली चकती म्हणजे त्सुबा. मुठीच्या दोरीखाली बसवलेल्या छोट्या मूर्ती म्हणजे मेनुकी. मुठीच्या दोन टोकांच्या टोप्या म्हणजे फुची आणि काशिरा. हे जग अफाट आहे. गोतो घराण्याने पंधराव्या शतकापासून पुढे सतरा पिढ्या हेच काम केलं. शाकुदो नावाचा मिश्रधातू बघा. तांब्यात थोडंसं सोनं घालतात आणि रसायनाच्या पाण्यात उकळून त्यावर निळसर काळी झाक आणतात. (हीच झाक 'मळ' समजून घासणारे महाभागही असतात.) १८७६ साली तलवार लावून फिरायला बंदी आली आणि या कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं. कानो नात्सुओसारख्या श्रेष्ठ कलावंताने तर त्याआधीच मेजी सरकारच्या नव्या नाण्यांची चित्रं कोरली होती.

पण त्सुबापासून सुरुवात करणं 'सोपं' आहे, हे मला मान्य नाही. ओतीव नकला बाजारात भरपूर आहेत. जाळीच्या आतल्या कडा नीट बघितल्या तर साच्याचा सांधा किंवा ओतकामाचा खरखरीतपणा दिसतो, पण तो दिसायला डोळा तयार असावा लागतो. माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सुट्या साजाची मागणी वाढली की पूर्ण साज मोडला जातो. दोनशे वर्षं एकत्र राहिलेली तलवार विक्रेत्याकडे येते; पातं साध्या लाकडी म्यानात जातं, त्सुबा एका डबीत, मेनुकी दुसऱ्या डबीत, आणि मूठ व रंगीत म्यान कुठे जातं कोण जाणे. तुकड्यांची बेरीज अख्ख्या तलवारीपेक्षा जास्त पैसे देते, एवढंच कारण. आता यावर कोणी म्हणेल की सामुराईसुद्धा साज बदलत होतेच, एका पात्याला दोन-दोन साज असायचे. खरं आहे. पण ते बदललेला साज पेटीत ठेवत होते, चार देशांत वाटून टाकत नव्हते. नवख्याने त्सुबा जरूर घ्यावी, पण आधीच सुटी झालेली, जुन्या संग्रहातून आलेली. आणि पूर्ण साजासकट तलवार मिळाली तर तिला हात लावू नये.

आता सहीकडे येतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे.

नवखा सहीकडे धावतो. मोठं नाव दिसलं की हरखतो. जपानमध्ये मात्र म्हणच आहे की कोतेत्सु दिसली की खोटी समजावी. हा कोतेत्सु सतराव्या शतकातला. आधी चिलखतं बनवायचा, नंतर तलवारींकडे वळला आणि इतका गाजला की त्याच्या नावाच्या खोट्या सह्यांचं पीक आलं. शिन्सेनगुमीचा प्रमुख कोन्दो इसामी आपली तलवार कोतेत्सु असल्याचं सांगे, तीही बहुधा खोटीच होती असं मानतात. अशा खोट्या सहीला गिमेई म्हणतात, आणि ती असलेली पाती काही थोडीथोडकी नाहीत. याउलट अस्सल, फार जुनी, उत्तम पाती बिनसहीची असतात. लांब ताचीला खालून कापून आखूड केलं की सही कापलेल्या तुकड्याबरोबर जाते.

१९४८ साली स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था पात्यांची तपासणी करून प्रमाणपत्रं देते. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो अशा चढत्या पायऱ्या आहेत. बाजारभाव या कागदावर हलतो. सही खोटी ठरली तर कागद मिळत नाही. मग मालक काय करतो? सही कानशीने काढून टाकतो, त्या जागी गंज आणवतो आणि तेच पातं 'बिनसहीचं' म्हणून पुन्हा पाठवतो. आता कागद मिळू शकतो. हे चोरून वगैरे चालत नाही बरं का. अनेक सज्जन संग्राहक याला सुधारणा मानतात. खोटं होतं ते काढलं, पातं आता प्रामाणिक झालं, असा त्यांचा युक्तिवाद.

मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. एक तर सही खोटी आहे हे मत आहे, जाणकारांचं असलं तरी मतच. पारखीच्या बैठकीत, म्हणजे कान्तेईत, नाकागो झाकून पाती मांडतात आणि प्रत्येकाने कारागिराचं नाव लिहायचं असतं. अचूक आलं तर 'आतारी'. पण त्याच घराण्यातल्या, तितक्याच जवळच्या कारागिराचं नाव लिहिलं तर 'दोझेन', म्हणजे बरोबर धरण्यासारखंच. एवढी सूट ज्या शास्त्रातच आहे, तिथे आजचं मत उद्या बदलणार नाही असं समजून कानस चालवायची? कानस चालवल्यावर मत बदललं तर तपासायला उरलं काय? दुसरं म्हणजे दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची खोटी सही हाही पुरावाच आहे. तेव्हा कोणतं नाव विकलं जात होतं, कोण फसत होतं, हे ती सांगते. आणि ती पुसून वर नवा गंज चढवणं म्हणजे दुसरा खोटेपणा. पहिला निदान जुना तरी होता!

यावर ओदा नोबुनागाचं उदाहरण माझ्या तोंडावर मारता येईल, म्हणून मीच देतो. १५६० साली ओकेहाझामाच्या लढाईत त्याने इमागावा योशिमोतोला हरवलं आणि त्याची सामोंजी तलवार घेतली. ती त्याने कापून आखूड केली आणि नाकागोवर लढाईची तारीख आणि स्वतःचं नाव सोन्याने कोरवलं. आज ती क्योतोच्या केन्कुन देवळाची मालमत्ता आहे आणि महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा गणली जाते. म्हणजे त्याने केलं तर इतिहास आणि आजच्याने केलं तर गुन्हा? हो, जवळजवळ तसंच. नोबुनागाने काय केलं ते त्याने त्याच लोखंडावर लिहून ठेवलं. कानस चालवणारा मात्र आपण काही केलंच नाही असं दाखवू पाहतो.

वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाची गोष्टही नवख्याला सांगण्यासारखी आहे. कागोशिमाच्या तेरुकुनी देवळातली कुनिमुनेची ताची १९४५ नंतर, शस्त्रं जमा करण्याच्या गोंधळात, नाहीशी झाली होती. ती राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली. कॉम्प्टन यांच्या संग्रहात आलेली तलवार तीच, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९६३ साली त्यांनी ती पैसे न घेता परत केली. नाकागोवर कुनिमुनेची सही शाबूत होती. मधल्या काळात ती ज्यांच्या हातांतून गेली त्यांतल्या एखाद्याला सफाईची हुक्की आली असती तर?

असो. "पहिली कोणती" याचं उत्तर दिल्याशिवाय नवखा सोडणार नाही, तर माझं मत सांगतो. जुन्या काळातली, होझोन कागद असलेली, बिनसहीची वाकिझाशी घ्या. लांबी एक ते दोन शाकु, म्हणजे तीस ते साठ सेंटीमीटर. काताना हवी म्हणून सगळे तिच्याकडे पाठ फिरवतात, त्यामुळे त्याच पैशात बरंच चांगलं पातं मिळतं. धारेला आडवी चीर नाही ना, एवढं आधी बघून घ्या, कारण तो दोष दुरुस्त होत नाही. घरी आणल्यावर पात्याला बोट लावू नका, अधूनमधून तेलाचा पातळ हात फिरवा आणि मूठ धरून ठेवणारी बांबूची खिळी सैल झाली असेल तर नवी करून घ्या, जुन्या वाळलेल्या बांबूची.