कुरबुर यंत्रांची : हलका ट्रिगर, फुसका बार

या सदरात शिलाई मशीन झाले, स्कूटरचा कार्ब्युरेटर झाला. या वेळचे यंत्र जरा वेगळे आहे : रिव्हॉल्व्हर. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या काही जुन्या मराठी घरांत परवान्याचे हत्यार असते, खंडेनवमीला त्याची पूजाही होते. म्हणजे विषय अगदीच परका नाही. पण आजचा प्रश्न आला आहे अमेरिकेतून, माझ्या भाच्याकडून.

तो तिथल्या एका नेमबाजी क्लबात जातो. त्याने .357 मॅग्नमचे सहा बारांचे वापरलेले रिव्हॉल्व्हर घेतले. आधीच्या मालकाने त्याचा ट्रिगर खास हलका करून घेतला होता. भाचा म्हणाला, “मामा, ट्रिगर लोण्यासारखा चालतो, पण सहांतले एक-दोन बार उडतच नाहीत. नुसते खट् होते.”

आधी ट्रिगर हलका का करतात ते पाहू. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये बोटाच्या एका ओढीत तीन कामे होतात : सिलिंडर फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते, हॅमर मागे जातो आणि सुटतो. यासाठी कारखान्यातून आलेल्या हत्याराला साधारण 5 किलोचा जोर लागतो. एवढा जोर लावताना हात हलतो, नेम चुकतो. म्हणून स्पर्धक आतले भाग घासून-पुसून गुळगुळीत करतात आणि मऊ स्प्रिंग बसवतात. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने 1999 साली सहा बार, पुन्हा भरणे आणि आणखी सहा बार हे सगळे 2.99 सेकंदांत केले. तो वेग पाहून अनेकांना आपलेही हत्यार हलके करावेसे वाटते.

पण हॅमरचा फटका त्याच स्प्रिंगमधून येतो. काडतुसाच्या बुडाशी प्राइमर नावाची छोटी वाटी असते. तिच्यातला स्फोटक थर फटक्याने चेंगरला की ठिणगी पडते. गुळगुळीत केल्याने घर्षण कमी होते, ते फायद्याचेच. स्प्रिंग मऊ केल्याने मात्र बोटाचे कष्ट वाचतात तेवढा फटका मंदावतो. अमेरिकेत फेडरल कंपनीचे प्राइमर मऊ म्हणून ओळखले जातात. काही हलकी केलेली रिव्हॉल्व्हरे फक्त त्यांच्यावरच नीट चालतात. दुसरे काडतूस घातले की खट्.

शोधाला लागण्याआधी मी भाच्याला एक गोष्ट बजावली. खट् झाले की लगेच पुन्हा ट्रिगर ओढायचा नाही. कधी कधी बार उशिरा पेटतो. पुन्हा ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरतो आणि ते धुमसते काडतूस नळीसमोरून बाजूला जाते. तिथे ते फुटले तर गोळीला बाहेर पडायला वाटच नाही. म्हणून नळी निशाण्याकडेच धरून किमान 30 सेकंद थांबायचे, मगच सिलिंडर उघडायचा. आणि बार उडाला पण आवाज फुसका आला, तर तिथेच थांबायचे. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते.

आता शोध. मी त्याला रिकाम्या सिलिंडरच्या सहा घरांना बाहेरून मार्करने 1 ते 6 आकडे घालायला सांगितले. बार फसला की घराचा आकडा लिहायचा आणि प्राइमरवरचा खड्डा पाहायचा. दर वेळी एकच घर फसत असेल तर दोष त्या घरात. खड्डा खोल असूनही बार उडत नसेल तर संशय काडतुसावर. घरी भरलेल्या काडतुसात प्राइमर पूर्ण आत बसलेला नसेल, तर पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो. सिलिंडर पुढे-मागे हलत असेल, तर काडतूस फटक्यासरशी पुढे सरकते आणि जोर वाया जातो.

भाच्याच्या नोंदीत घरे वेगवेगळी होती, काडतुसे कारखान्याची होती आणि खड्डे सगळीकडे उथळ. म्हणजे फटकाच कमी. त्याच्या रिव्हॉल्व्हरात पत्ती स्प्रिंग आहे आणि मुठीच्या पुढच्या बाजूचा एक स्क्रू तिला ताण देतो. स्क्रू तर पूर्ण आवळलेला होता. मग तिथल्या परवानाधारक गनस्मिथने तो काढून पाहिला, तेव्हा टोक घासून आखूड केलेले निघाले. वरून सगळे घट्ट, आत ताण कमी! त्याने फक्त तो स्क्रू बदलून पूर्ण लांबीचा बसवला, बाकी कशाला हात लावला नाही. त्यानंतरच्या 120 बारांत एकही फसला नाही. ट्रिगर थोडा जड झाला, एवढेच.

“फक्त” हा शब्द इथे महत्त्वाचा. स्क्रू, स्प्रिंग आणि काडतुसे एकदम बदलली असती, तर दोष गेला असता. पण कुठे होता ते कळलेच नसते. दुचाकी असो की संगणक, एका वेळी एकच बदल आणि त्याची नोंद, ही सवय लावून घ्या.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. तेव्हा आजोबांच्या हत्याराची कुरबुर असेल तर ते रिकामे असल्याची खात्री वडीलधाऱ्यांकडून करून घ्या आणि परवानाधारक कारागिराकडे न्या. नोंदवही मात्र तुम्ही ठेवा. कारागिराचे निम्मे काम तिथेच होते.

पुढच्या महिन्यात भेटू. तुमच्या घरातले कुठले यंत्र कुरबुरते आहे, ते जरूर कळवा.