नोटा वाढल्या, माल घटला : घानाच्या सेडीची गोष्ट

अगदी स्वस्तात काही विकलं गेलं की आपण 'कवडीमोल भावात गेलं' म्हणतो. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाने तर आपल्या चलनाला नावच कवडीचं दिलंय : सेडी. तिथल्या अकान भाषेत कवडीला जो शब्द आहे, त्यावरून हे आलं. गंमत बघा, त्या भागात पैसा म्हणून शेकडो वर्षं चाललेल्या कवड्यांपैकी कितीतरी आपल्या शेजारच्या मालदीवमधून गेलेल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला धंदा शिकायचाय, आफ्रिकेचा इतिहास कशाला? थांबा जरा. प्राइसिंगचा इतका रोखठोक धडा मला दुसरीकडे सापडला नाही.

घाना १९५७ ला स्वतंत्र झाला. १९५८ मध्ये स्वतःचा घाना पौंड आला, ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा. १९६५ मध्ये एन्क्रुमा यांच्या सरकारने सेडी आणली. पुढच्याच वर्षी लष्कराने त्यांना हटवलं आणि १९६७ मध्ये त्यांचा चेहरा नसलेली नवी सेडी आली. इथपर्यंत नोटा बदलल्या, पण खरी मजा पुढे आहे.

सत्तरच्या दशकात सरकार खर्चासाठी नोटा छापत गेलं, महागाई भडकली. तरी १९७८ पासून १९८३ पर्यंत सरकारी दर काय? एका डॉलरला २.७५ सेडी. काळ्या बाजारात त्याच डॉलरला कितीतरी पट जास्त मोजावे लागत. कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी मंडळ सेडीत पैसे देई, आणि त्या सेडीत काही येत नसे. म्हणून पुष्कळ कोको चोरट्या वाटेने शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये जायचा. शेतकऱ्याचा हिशेब सरकारपेक्षा पक्का होता!

आता राजधानी अक्रामधल्या मकोला मार्केटमध्ये या. इथे धंदा बायकांच्या हातात. समजा, एकीने १०० सेडीचं कापड घेतलं आणि १३० ला विकलं. वहीत ३० सेडी प्रॉफिट. पण तेच कापड पुन्हा भरायला गेली, तर भाव १५०. म्हणजे तिने २० सेडी खिशातून घातले, आणि वही मात्र सांगतेय फायदा झाला. यातून वाचायचं तर तिला १८० च लावावे लागणार. बाहेरच्याला ती लुटारू वाटणारच. अशा नफेखोरीसाठी तिकडे 'कलाबुले' हा शब्दच पडला होता.

साठेबाजी कुणीच केली नाही असं मी म्हणत नाही. पण १९७९ च्या ऑगस्टमध्ये रॉलिंग्ज यांच्या लष्करी राजवटीत सैनिकांनी मकोला मार्केटच जमीनदोस्त केलं, हा माझ्या मते सरळ अन्याय होता. नोटा छापल्या सरकारने, खोटा दर धरून ठेवला सरकारने, आणि मार बसला टोपली घेऊन बसलेल्या बाईला. त्याच वर्षी मार्चमध्ये आधीच्या सरकारने जुन्या नोटा बदलून दिल्या होत्या : ५,००० सेडीपर्यंत दहाला सात, त्यापुढे दहाला पाच. ज्याचं भांडवल रोकडीत, तो झोपला. १९८२ मध्ये ५० ची नोटही रद्द झाली.

१९८३ पासून दर सैल सोडला. दुकानांत माल परत दिसू लागला, पण सेडी घसरतच राहिली. २००७ पर्यंत एका डॉलरला नऊ हजारांच्या वर सेडी झाल्या, तेव्हा चार शून्यं कापली : १०,००० जुन्या म्हणजे १ नवी. नवी सेडी त्या वेळी डॉलरपेक्षा किंचित वरचढ होती. पण शून्यं काढून आजार जात नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महागाई ५४ टक्क्यांवर गेली आणि घानाने बहुतेक परदेशी कर्जाची परतफेड थांबवली.

आपल्या रुपयाची अशी अवस्था नाही, उगाच घाबरवत नाही. पण फरसाण, मसाले, बेकरी करणारे बरेच जण आजही तेलाच्या जुन्या डब्याच्या भावावर रेट काढतात. नवा डबा आणायला गेले की कळतं, मार्जिन कुठे गेलं ते. 'गिऱ्हाईक तुटेल' म्हणून रेट न वाढवणं मला पटत नाही. गिऱ्हाईक टिकलं आणि कॅपिटल संपलं, तर विकणार काय?

तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू घ्या. त्यांचा कच्चा माल आज भरायचा तर किती लागेल ते होलसेलरला फोन करून विचारा, बिलाच्या फाईलमध्ये शोधू नका. तो आकडा आणि तुमचा विक्रीचा रेट शेजारी शेजारी लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण त्यावरूनच कॉस्टिंग करणार आहोत.