सहीचे धनी नव्हे, शाळेचे धनी व्हा!

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले म्हणजे बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांतून एक ठरावीक तक्रार कानी पडू लागते. मराठी शाळेत शिक्षक पुरेसे नाहीत, पुस्तके वेळेवर आली नाहीत, पटावरची मुले दरसाल घटत आहेत, आणि शाळा आता किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तक्रार करणाऱ्या प्रत्येक पालकाला आज आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत. आपल्या गावच्या शाळेच्या विकास व देखरेख समितीची गेली बैठक केव्हा झाली, आणि त्या बैठकीस आपण हजर होता काय?

प्रश्न अवघड वाटेल, पण तो टाळता येण्यासारखा नाही. कर्नाटक सरकारने 2001 साली आदेश काढून प्रत्येक सरकारी शाळेसाठी शाळा विकास व देखरेख समिती निर्माण केली. जुन्या ग्राम शिक्षण समित्या बाजूस सारून शाळेची सूत्रे पालकांच्या हाती द्यावयाची, हा तिचा उद्देश. पुढे 8 वर्षांनी संसदेने बालशिक्षण हक्काचा कायदा केला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. त्या कायद्याच्या 21 व्या कलमाने अशी समिती देशभर बंधनकारक केली. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालकच असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल व वंचित वर्गांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे ते कलम सांगते. म्हणजे ज्याला आपण ‘सरकारी शाळा’ म्हणून दूर लोटतो, तिच्या कारभारावर लक्ष ठेवण्याचा अधिकार कायद्याने शेतावर राबणाऱ्या बापाला आणि खुरपणीस जाणाऱ्या आईलाच दिला आहे!

आणि हा अधिकार नाममात्र नाही. शाळेच्या कामावर देखरेख करणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे आणि शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे ही समितीची कामे आहेत. सरकारने शाळेसाठी करावयाच्या योजना आणि द्यावयाचे अनुदान याच आराखड्याच्या आधारे ठरावे, असे 22 वे कलम म्हणते. शाळेत मंजूर शिक्षकपदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी असता कामा नयेत, हा दंडक 26 व्या कलमात आहे. मुलाची हजेरी कशी आहे, त्याची समज कुठवर पोहोचली आहे, हे शिक्षकाने पालकांची नियमित बैठक घेऊन सांगितले पाहिजे, हे 24 व्या कलमात आहे. आणि यातले काही घडले नाही, तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते व तिचा निकाल तीन महिन्यांत लागावयास हवा, अशी तजवीज 32 व्या कलमात आहे. कुलूप उघडण्याची किल्ली हाती असताना दाराशी बसून रडणाऱ्याला काय म्हणावे?

पण प्रत्यक्षात काय दिसते? समिती कागदावर असते. गावातील वजनदार मंडळी नावे सुचवितात, ती नावे वहीत चढतात आणि मग वही घरोघर फिरते. अध्यक्ष सही करतो, ज्याला सही येत नाही तो अंगठा उठवितो. निम्म्या स्त्रियांचा नियमही अशाच रीतीने पाळला जातो. वहीत नाव पत्नीचे आणि बैठकीत बोलणारा पती! शाळेच्या बँक खात्यावर मुख्याध्यापकाबरोबर अध्यक्षाची सही लागते, एवढ्यापुरतेच अध्यक्षाचे महत्त्व उरते. आमचे पालक सहीचे धनी झाले, पण शाळेचे धनी झाले नाहीत.

यात सारा दोष पालकांचाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बैठक भर दुपारी बोलवावयाची आणि तिला जाण्यासाठी मजुराने दिवसाची मजुरी बुडवावयाची, हा न्याय नव्हे. ऊसतोडीला किंवा मुंबई, पुणे, हैदराबादकडे मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला बैठकीची नोटीस पोहोचणार तरी कशी? शिवाय कारभाराचे कागद कन्नडमध्ये असतील आणि पालकाला केवळ मराठी वाचता येत असेल, तर त्याची सही ही संमती नसून लाचारी ठरते. म्हणून बैठक संध्याकाळी किंवा कामाच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी, हिशेब आणि ठराव मराठीत वाचून दाखवावेत, एवढी अपेक्षा आम्ही मुख्याध्यापकांकडून आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडून अवश्य करू. परंतु ही मागणीदेखील समितीनेच करावयास हवी. न मागता मिळण्याचा हा विषय नाही.

या भागाला हा धडा नवा असू नये. निजामी राजवटीत शिक्षणाचा राजमार्ग उर्दूतून जात होता. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. अशा काळात हैदराबाद संस्थानात देशी भाषांच्या ज्या खासगी शाळा उभ्या राहिल्या, त्या लोकांच्या वर्गणीवर राहिल्या. 1921 साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे याच सीमाभागाच्या मातीतले स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिकवू लागले. त्यांच्या पाठीशी ना खजिना होता ना कायदा. होता तो लोकांचा हात. आणि उदाहरण मराठीचेच हवे असे कुठे आहे? भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी त्याच काळात बाहेर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकविले. त्यांची ही गोष्ट बिदर जिल्ह्यात आजही सांगितली जाते. परक्या पाटीआड मातृभाषेचा दिवा तेवत ठेवणाऱ्या त्या कन्नड साधुपुरुषाकडून आम्ही मराठी भाषकांनी शिकावयाचे नाही, तर कोणाकडून?

आज तर पाटी उघड लावण्याची मुभा आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. परंतु त्याच दिवशी घटनेतील सातवी दुरुस्ती अमलात आली आणि 350-अ हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करणे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. बालशिक्षण हक्काचा कायदाही शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मातृभाषा असावे असे म्हणतो. कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीतून पुस्तके छापते. पाया आहे, भिंती आहेत. घरात राहावयास माणसे हवीत.

येथेच पालकांची सर्वांत मोठी जबाबदारी येते. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्या खटल्यात निर्णय दिला की, प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेचे माध्यम सरकार सक्तीने लादू शकत नाही. माध्यमाची निवड मुलाची, आणि त्याच्या वतीने पालकांची. या निर्णयाने पालकाच्या हाती जे स्वातंत्र्य आले, ते दुधारी आहे. इंग्रजी शाळेची गाडी दारापुढे आली की तीत मुलाला बसविणारा पालक आणि मराठी शाळा बंद पडू नये म्हणून निवेदनावर सही करणारा पालक अनेकदा एकच असतो! आम्ही त्याच्यावर दगड फेकणार नाही. मुलाचे कल्याण व्हावे हीच त्याची इच्छा असते. पण जी शाळा त्याने सुधारावयाचा प्रयत्नच केला नाही, ती वाईट ठरवून सोडणे ही निवड नव्हे. आधी शाळेत जाऊन पाहा, तिचा आराखडा मागा, शिक्षक मागा, आणि मग निवडा.

कन्नडविषयीही मनात अढी नको. ज्या राज्यात मूल वाढते, तेथील भाषा त्याला उत्तम आली पाहिजे. कचेरीत, बाजारात, नोकरीत तिच्यावाचून त्याचे अडेल. मराठीतून विचार करणारे आणि कन्नडमध्ये व्यवहार करणारे मूल दोन पायांवर उभे राहील. तेव्हा कन्नडचा चांगला शिक्षक मागणे हेही मराठी शाळेच्या समितीचेच काम आहे.

आमची सूचना साधी आहे. या वर्षी प्रत्येक गावाने समितीची खरी निवड करावी, वहीतली नव्हे. अनुदान किती आले व कशावर गेले हे शाळेच्या फळ्यावर मराठीत लिहावयास लावावे. शिक्षकांची मंजूर पदे आणि रिकामी पदे यांचा ठराव करून तो लेखी पाठवावा व पोच घ्यावी. मुलांना मिळणारे दुपारचे जेवण आळीपाळीने दोन मातांनी चाखून पाहावे. 2002 साली ती योजना राज्यात सुरू झाली ती प्रथम या ईशान्येकडील मागास जिल्ह्यांतच, हे विसरू नये. आणि स्त्री सदस्याच्या जागी तिचा नवरा आला, तर त्याला नम्रपणे घरी पाठवून तिला बोलावून आणावे.

येळवसेला आपला शेतकरी ओळखीच्या आणि अनोळखी माणसालाही शेतात बोलावतो, भज्जी वाढतो, आंबिल पाजतो. पेरलेले रान कसे आले आहे, हे त्या दिवशी सारे गाव फिरून पाहते. शाळा हेही गावाचे रानच आहे. तेथे जे पेरले आहे ते आपलेच आहे. ते उगवले की करपले, हे पाहावयास महिन्यातून एक संध्याकाळ ज्या गावाला सापडणार नाही, त्या गावाने शाळेला कुलूप लागले म्हणून सरकारला दोष देण्याचा अधिकार आपल्या हाताने घालविला असे होईल. तशी वेळ आमच्या एकाही गावावर येऊ नये.