घट्टकुटीप्रभात

शाळेंत संस्कृत शिकवितांना लौकिक न्यायांचा पाठ आला कीं पेंगुळलेला वर्गहि जागा होई. त्यांतला एक न्याय मुलांना विशेष आवडे. एक व्यापारी जकात चुकविण्यासाठीं राजरस्ता सोडून रात्रभर आडवाटांनीं गाडी हांकतो आणि पहांटे डोळे चोळून पाहतो, तों गाडी नेमकी जकातनाक्याच्या दाराशीं उभी! याचेंच नांव घट्टकुटीप्रभातन्याय. हा न्याय पुढें माझ्याच घरांतल्या मुलास लागू पडेल असें तेव्हां कोठें वाटलें होतें?

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत राहतो. त्यानें नवी मोटार घेण्याचें ठरविलें. शेजारच्या ऑरेगॉन राज्यांत सर्वसाधारण विक्रीकर नाहीं; तेव्हां तेथल्या एका विक्रेत्यास जुनी गाडी बदल्यांत देऊन नवी आणावी, असा त्याचा बेत. नवीची किंमत ३०,००० डॉलर, जुनीची १०,००० ठरली. उरलेले २०,००० त्यानें रोख मोजले. विक्रेता म्हणाला, "येथें कर नाहीं." हें बोलणें खोटें नव्हतें, पण पुरेंहि नव्हतें. कराचे म्हणून वांचलेले पैसे त्यानें आमच्या वहिनींच्या, म्हणजे आपल्या आईच्या, विमानाच्या तिकिटासाठीं बाजूस ठेवले. सूनबाईंचे दिवस भरत आले होते आणि वहिनी जाण्याच्या तयारींत होत्या. मींहि फोनवर त्याच्या काटकसरीस शाबासकी दिली.

पुढें तो आपल्या राज्यांतील कचेरींत मोटारीची नोंदणी करावयास गेला आणि तेथें पहांट झाली! कचेरीनें 'उपयोग-कर' मागितला. आणि तोहि २०,००० वर नव्हे, पुऱ्या ३०,००० वर. सव्वासात टक्के या किमान दरानेंच २,१७५ डॉलर; त्यावर स्थानिक कर निराळा. रात्रीं त्याचा फोन आला, "काका, रोख वीसच हजार दिले ना मीं? मग कर तीसांवर कसा?"

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. नंतर वाचून पाहिलें तें येथें देतों. कारण आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आज त्या देशांत संसार करीत आहेत.

तेथें विक्रीकर हा राज्यांचा विषय आहे. कॅलिफोर्नियानें तो १९३३ सालीं बसविला. मग लोक शेजारून माल आणूं लागतील हें ओळखून १९३५ सालीं उपयोग-कराची जोड दिली: वस्तु बाहेर विकत घेतली, तरी राज्यांत वापरावयास आणली कीं तितकाच कर द्यावयाचा. वॉशिंग्टन राज्यानेंहि त्याच सालीं असा कायदा केला. ग्रँड कूली धरणाच्या कंत्राटदारांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. पण १९३७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा वैध ठरविला. तात्पर्य, मोटारीचा कर साधारणपणें दुकान कोठें आहे यावर नव्हे, तर ती कोठें नोंदली जाते यावर ठरतो. दुसऱ्या राज्यांत कर खरोखर भरला असेल, तर पावती दाखविल्यावर त्याची वजावट बहुधा मिळते आणि फरक तेवढा द्यावा लागतो.

आतां जुन्या गाडीचें. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया यांसारखीं बहुतेक राज्यें बदल्यांत दिलेल्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर कर घेतात. कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया हीं राज्यें तशी वजावट देत नाहींत. त्यांच्या मतें जुनी गाडी हाहि मोबदलाच. नाणें तेवढें निराळें. हा विचार आपणांसहि अपरिचित नाहीं. जुना फोन देऊन नवा घेतल्यास करासाठीं नव्याची पूर्ण बाजारकिंमत धरावी, असें आपल्याकडील २०१७ च्या वस्तु व सेवा कराच्या नियमांतहि उदाहरण आहे.

या भेदाचा व्यवहारांत उपयोग असा. न्यू जर्सींत कराचा दर ६.६२५ टक्के आहे. तेथें दुकानदार जुन्या गाडीचे १०,००० देत असेल, तर त्यांत ६६२ डॉलर ५० सेंटांचा करहि वांचतो. म्हणून बाहेरचा कोणी १०,५०० देऊं लागला, तरी गाडी दुकानांतच द्यावी. कॅलिफोर्नियांत मात्र उलट. तेथें बाहेरचे वरचे ५०० म्हणजे निव्वळ लाभ. गाडी कोठेंहि घ्या, आधीं आपल्या राज्याच्या कचेरींत नियम विचारा. जुन्या गाडीची रक्कम बीजकांतच लिहवून घ्या. आणि पावत्या जपून ठेवा.

पुतण्यानें कर भरला, आणि तिकिटाचे पैसे त्यांतच गेले. त्याची आईस कळवावयाची छाती होईना. अखेर मींच सांगितलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिघां भावांनीं मिळून येथूनच तिकीट काढलें आणि वहिनी वेळेवर पोंचल्या. आतां नातवाला मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो भिंतीवर लागला आहे.

पोरानें कपट केलें नव्हतें. त्यानें अर्धी माहिती पुरी मानली. पण तो माझ्याच वर्गांत तो न्याय शिकला होता, आणि शाबासकी देणारा मीं तर तो तीस वर्षें शिकवीत होतों! विद्यार्थ्यास धडा आठवला नाहीं याचें मला नवल वाटत नाहीं. गुरुजींना आठवला नाहीं, ही चूक मात्र माझ्या खात्यावर मांडावी लागेल.