उपाध्यक्ष कोणाच्या पंक्तीचा?

अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहणाऱ्या आमच्या नातीनें गेल्या रविवारीं दूरध्वनीवरून आम्हांस एक शंका विचारली. तिच्या शाळेंत सध्यां राज्यव्यवस्थेचा धडा चालू आहे. कायदे करणारें, ते अमलांत आणणारें आणि न्याय देणारें अशीं राज्यसत्तेचीं तीन अंगें तिनें पाठ केलीं होतीं. "आजोबा, उपाध्यक्ष ह्यांपैकीं कोणत्या अंगांत येतो? पुस्तकांत 'कार्यकारी' असें दिलें आहे. पण तोच सीनेटचा अध्यक्ष असतो, असेंहि त्याच पानावर आहे. मग खरें काय?" मुलांस असले प्रश्न विचारण्यांत हयात घालविल्यावर म्हातारपणीं नातीपुढें परीक्षेस बसावें लागलें, ह्याचें आम्हांस वैषम्य वाटत नाहीं; परंतु उत्तर तत्काळ सुचलें नाहीं, हें वाचकांपाशीं कबूल केलें पाहिजे. पुढें ग्रंथ चाळून जें हातीं लागलें तें येथें देतों.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. तिचें पहिलें कलम विधिमंडळाचें, दुसरें कार्यकारी सत्तेचें आणि तिसरें न्यायसंस्थेचें. गंमत अशी कीं, उपाध्यक्षाचें नांव पहिल्या कलमांतहि आहे आणि दुसऱ्यांतहि आहे. पहिलें कलम म्हणतें, हा सीनेटचा अध्यक्ष. मात्र दोन्हीं बाजूंचीं मतें समसमान झाल्यावांचून त्यास मत नाहीं. दुसरें म्हणतें, ह्याची निवडणूक अध्यक्षाबरोबर, चार वर्षांसाठीं. आणि अध्यक्षाची जागा रिकामी पडली तर तिचा वारसा ह्याच्याकडे. घटनासभेंत रॉजर शर्मन ह्यांनीं मोकळेपणानें सांगून टाकलें होतें कीं, सीनेटची खुर्ची दिली नाहीं तर ह्या गृहस्थास कांहीं कामच उरणार नाहीं. एल्ब्रिज गेरी ह्यांस मात्र हें मुळींच रुचलें नाहीं. अध्यक्षाच्या निकटचा माणूस कायदे करणाऱ्यांच्या डोक्यावर बसविणें गैर, असा त्यांचा आक्षेप होता, आणि शेवटीं त्यांनीं घटनेवर सहीहि केली नाहीं. हेच गेरीसाहेब १८१३ सालीं स्वतः उपाध्यक्ष होऊन त्याच खुर्चीवर विराजमान झाले! मनुष्यस्वभावाविषयीं अधिक काय बोलावें?

आरंभीच्या उपाध्यक्षांनीं आपलें पान विधिमंडळाच्या पंक्तींतच मांडलें होतें. पहिले जॉन ॲडम्स. ह्यांनीं आठ वर्षांत २९ वेळां निर्णायक मत दिलें. दुसरे टॉमस जेफर्सन. आपलें पद केवळ विधिमंडळाच्या कामापुरतें असून कार्यकारी मसलतींत आपण भाग घेऊं शकत नाहीं, असें त्यांनीं १७९७ सालीं एका पत्रांत स्पष्ट लिहिलें, आणि सीनेटच्या खुर्चींत बसून सभाशास्त्रावर एक पुस्तकहि सिद्ध केलें. पुढें वारा फिरला. १८४१ सालीं अध्यक्ष हॅरिसन अवघ्या एका महिन्यांत वारले आणि टायलर ह्यांनीं पूर्ण अध्यक्षपद आपलेंच म्हणून घेतलें. तरी उपाध्यक्षास राज्यकारभारांत विचारतो कोण, अशी स्थिति पुष्कळ काळ होती. १९४५ च्या एप्रिलांत ट्रूमन अध्यक्ष झाले, तेव्हां अणुबाँबची खरी हकीकत त्यांस त्यानंतर कळली. १९७७ पासून, म्हणजे मॉन्डेल ह्यांच्या वेळेपासून, उपाध्यक्षाची कचेरी अध्यक्षाच्या कचेरीजवळ व्हाइट हाउसमध्यें आली, आणि पान दुसऱ्या पंक्तींत सरकलें. तरी पहिल्या पंक्तींतलें ताट कोणी उचललें नाहीं. कमला हॅरिस ह्यांनीं २०२१ ते २०२५ ह्या कालांत ३३ निर्णायक मतें दिलीं; इतकीं त्यांच्यापूर्वीं कोणींहि दिलेलीं नव्हतीं.

आमच्या शास्त्रांत ह्या प्रसंगास लागू पडणारे दोन न्याय आहेत. एक देहलीदीपन्याय : उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंत आणि बाहेर दोहोंकडे उजेड पाडतो. दुसरा काकाक्षिगोलकन्याय : कावळ्यास बुबुळ एकच, आणि तें तो गरजेप्रमाणें ह्या खोबणींतून त्या खोबणींत फिरवितो, अशी समजूत. घटनाकारांनीं योजिला तो उंबरठ्यावरील दिवा. परंतु डिक चेनी ह्यांनीं त्याचें बुबुळ कसें केलें तें पाहा. २००१ सालीं त्यांच्या अध्यक्षतेखालील ऊर्जाविषयक समितीचे कागद मागण्यांत आले, तेव्हां कार्यकारी सत्तेच्या मसलती गुप्त राहिल्या पाहिजेत, असा पवित्रा घेण्यांत आला. उलट, कार्यकारी सत्तेच्या प्रत्येक कचेरीनें आपल्याकडील गोपनीय कागदपत्रांचा वार्षिक हिशेब द्यावा, असा अध्यक्षांचा हुकूम असतां २००३ पासून त्यांच्या कचेरीनें तो देणें बंद केलें; आणि उपाध्यक्ष विधिमंडळाचेंहि काम करतात, सबब त्यांची कचेरी ह्या हुकुमाखालीं येत नाहीं, असा युक्तिवाद २००७ सालीं उजेडांत आला. त्यावर प्रतिनिधिसभेंतील एका सभासदानें, असें असेल तर कार्यकारी खात्यांतून ह्यांचा पैसाहि बंद करा, अशी सूचना आणली. ती थोडक्या मतांनीं पडली; पण सूचना आणणाराच्या तर्कशास्त्रांत आम्हांस दोष दिसत नाहीं.

माइक पेन्स ह्यांची गोष्ट निराळी. ६ जानेवारी २०२१ रोजीं ते निवडणुकीचीं मतें मोजणाऱ्या संयुक्त सभेच्या खुर्चींत होते. मतें नाकारण्यासाठीं अध्यक्षांचें दडपण येऊनहि त्यांनीं तसें केलें नाहीं. पुढें २०२३ सालीं त्या प्रकरणीं साक्षीचें समन्स आलें, तेव्हां विधिमंडळाच्या सभासदास मिळणारें संरक्षण आपणांस आहे, असें ते म्हणाले, आणि न्यायालयानें तें अंशतः मानलें. येथें प्रश्न खरोखर खुर्चीच्याच कामाचा होता. म्हणून हा दावा आम्हांस चेनींच्या मासल्याचा वाटत नाहीं.

आपल्या घटनाकारांनींहि हीच योजना उचलली, पण सोवळेंओवळें सांभाळून. आपला उपराष्ट्रपति राज्यसभेचा सभापति असतो, आणि वेतन घेतो तें सभापति म्हणूनच. राष्ट्रपतींचें काम अंगावर येतांच त्यानें सभापतीची खुर्ची सोडावयाची आणि तें वेतनहि सोडावयाचें. एका वेळीं एकच पान. अमेरिकेच्या घटनेंतहि, उपाध्यक्ष अध्यक्षाचें काम करीत असतां सीनेटनें आपला तात्पुरता अध्यक्ष निवडावा, असें लिहिलेलें आहे. अध्यक्षावर महाभियोग चालला तर सीनेटच्या खुर्चींत सरन्यायाधीश बसतात. पण खुद्द उपाध्यक्षावरच तो प्रसंग ओढवला तर खुर्चींत कोणीं बसावें, हें घटनेंत सांगितलेलें नाहीं.

नातीस आम्ही सांगितलें कीं, मुली, तो दोन्हीं अंगांत आहे. कोणत्या घटकेस कोणतें काम करतो तें पाहावें, आणि ज्या कामाचा अधिकार घेईल त्याच कामाचा हिशेब त्याच्याकडून मागावा. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण आजोबा, उत्तरपत्रिकेंत चारच चौकोन आहेत, आणि खूण एकाच चौकोनांत करायची आहे." आम्ही म्हटलें, "मग कार्यकारी लिही." तिला गुण मिळाला.