हक्काचे धान्य मोजून घ्या

भगिनींनो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या बायाबापड्यांच्या हाताला काम नसते. नेमका त्याच वेळी भाजीपाल्याचा भाव चढतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पुढे गेला, तो आपण पाहिला. मजुरी मात्र होती तिथेच राहते.

रुपयाचा परदेशी भाव सांभाळण्यापेक्षा त्याची क्रयशक्ती स्थिर ठेवणे महत्त्वाचे, असे डॉ. बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडले. क्रयशक्ती म्हणजे रुपयात घरी किती सामान आले. ती टिकवण्यासाठी गरिबाच्या घरात एक आधार आहे, तो म्हणजे रेशनकार्ड.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचे २५ किलो झाले. बाजारात किलोला चाळीस रुपये धरले, तरी महिन्याचे हजार रुपये वाचले.

आमच्या वस्तीतील एक मावशी पाच माणसांच्या कार्डावर वीसच किलो आणत होत्या. मी विचारले तर म्हणाल्या, “फुकटचं धान्य, त्यात काय भांडायचं?” पुढच्या महिन्यात आम्ही दोघे दुकानात गेलो व पावती मागितली. पावतीवर २५ किलो होते. त्या दिवशी पंचवीस किलो मिळाले. महिन्याचे पाच म्हणजे वर्षाचे साठ किलो! ते फुकटचे नव्हते, हक्काचे होते.

तेव्हा एवढे करा. अंगठा दिल्यावर पावती घ्या, ती मुलांकडून वाचून घ्या आणि धान्य समोर मोजून घ्या. कायद्याने अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही कार्डावर कुटुंबप्रमुख असते. तेव्हा तुम्हीच विचारा. घरातील कोणी मुंबईला कामाला असेल, तर त्याच्या वाट्याचे धान्य तिथल्या दुकानातही घेता येते. कार्ड तेच चालते. धान्य कमी मिळाले तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या व पोच घ्या. १९६७ या क्रमांकावरही तक्रार करता येते. दुकानावर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समितीत अनुसूचित जाती व महिलांना प्रतिनिधित्व द्यावे, असे कायदा सांगतो. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, याची चौकशी करा.

वस्तीच्या पुढच्या बैठकीला येताना कार्ड आणि शेवटची पावती सोबत आणा. सर्वांचा हिशोब एकत्र बसून पाहू.