हिशेब मांडा, मग वाजवू : बेहाल्यातल्या वादक-गायकांचा जाहीरनामा

आम्ही वाजवून आणि गाऊन घर चालवणारी माणसं आहोत. राहतो कोलकात्याच्या बेहाल्यात : चौरस्त्यामागच्या गल्ल्यांत, पर्णश्रीत, सखेरबाजारला, ठाकूरपुकुरात. कुणी तबल्यावर, कुणी कीबोर्डवर, कुणी ढोलक-ऑक्टोपॅडवर. कुणी दिवसभर रवींद्रसंगीताच्या शिकवण्या करून संध्याकाळी साथीला बसतं. आमच्यात बहुतेक बंगाली आहेत, काही बिहारी, काही नेपाळी, आणि आम्ही काही मराठी. म्हणून हा जाहीरनामा बंगालीबरोबर मराठीतही काढत आहोत.

कोलकाता आणि महाराष्ट्र यांच्यात कलाकारांची ये-जा जुनी आहे. महाराष्ट्रात १९२२ साली जन्मलेले व्हायोलिनवादक पं. वि. गो. जोग आकाशवाणीच्या नोकरीमुळे कोलकात्याचे झाले आणि २००४ मध्ये याच शहरात गेले. पं. उल्हास कशाळकर टॉलीगंजच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत वर्षानुवर्षं गुरू म्हणून शिकवत आले. त्यांच्या विद्येला तोड नव्हतीच, पण तिच्या पाठीशी दरमहा पैसे देणारी संस्थाही होती. आमच्या पाठीशी तशी संस्था नाही. आमचा महिना फोनवर चालतो, आणि फोनवर बहुतेक वेळा एकच वाक्य येतं : ‘दादा, या खेपेला बजेट कमी आहे, सांभाळून घ्या.’

अशा कामाला जावं की नाही, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाले. काही म्हणाले, ठरलेल्या दराखाली पाऊलच टाकायचं नाही. काही म्हणाले, रिकामं बसण्यापेक्षा मिळेल ते घ्यावं. दोन्हींत अर्धंच खरं आहे, असं आमचं मत झालं, आणि त्यातून हे ठरलं.

आमचं म्हणणं

पैसे कमी असणं हा अपराध नाही. कार्यक्रमाशी संबंधित बाकी सगळ्यांना पूर्ण पैसे आणि वाजवणाऱ्यालाच कमी, हा अन्याय आहे. म्हणून कमी बिदागीचं काम घ्यावं की नाही, याचं उत्तर नुसत्या रकमेत नसतं. एकूण पैसा किती आहे आणि तो कुणाकडे किती जातो, यात ते असतं. पैसा सगळ्यांनाच थोडा मिळणार असेल, तर आम्ही आनंदानं थोडा घेऊ. मंडप, दिवे, साउंड, जेवणावळ, छापील फलक यांचे पैसे आगाऊ चुकते झाले आणि उरलं ते पाकिटात घालून तबलजीच्या हातावर ठेवलं, तर ते काम आम्ही करणार नाही, रक्कम कितीही असो.

कमी पैशाची कामं आम्हाला का हवीत

लहान कामांवर आमचा राग नाही. लहान मैफलींतूनच आम्ही घडलो. पाड्यातल्या क्लबची सरस्वतीपूजा, कुणाच्या गच्चीवरची बैठक, शाळेतला रवींद्रजयंतीचा कार्यक्रम, इथे हात बसला, भीड चेपली, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर ठेका धरायला शिकलो. दर हिवाळ्यात बेहाल्याच्या ब्लाइंड स्कूलच्या मैदानावर शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. तिथे बसून ऐकलेल्या रात्रींनी आमच्यातल्या कित्येकांना या वाटेला लावलं.

कमी पैशाचं काम कधी कधी सगळ्यात मोलाचं असतं. १९७५ च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहा साथीदारांनी ‘मोहिनेर घोडागुली’ हा बंगाली बँड उभा केला. त्यांच्या गाण्याला तेव्हा बाजार नव्हता, रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत आणि काही वर्षांत बँड थांबला. १९९५ च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात त्यांची गाणी नव्या संग्रहातून परत आली आणि एका पिढीनं ती तोंडपाठ केली. पण ते जे वाजवत होते ते त्यांचं स्वतःचं होतं. तोटा त्यांनी स्वतः पत्करला होता, दुसऱ्या कुणी त्यांच्यावर लादला नव्हता. स्वतःच्या संगीतासाठी, नवं काही करून बघण्यासाठी, गुरूच्या घरच्या उत्सवासाठी, संकटात सापडलेल्या साथीदाराच्या मदतीसाठी आम्ही कमी पैशात, फुकटसुद्धा वाजवू. तो निर्णय आमचा असेल. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हे आम्हाला सांगायचं काम आयोजकाचं नाही. आम्हाला काय मिळेल ते आम्ही ठरवू.

एका संध्याकाळचा हिशेब

समजा, सॉल्ट लेकला कार्यक्रम आहे आणि तबलजीला १,५०० रुपये कबूल झाले आहेत. दुपारी ३ ला घर सोडायचं, ५ ला साउंड चेक, ८ ला कार्यक्रम, ११ ला मोकळं. त्या वेळी आमच्या मार्गावर मेट्रो नसते. तबला, डग्गा आणि हातोडीची पिशवी घेऊन शेवटच्या बसच्या गर्दीत शिरणं म्हणजे पुडीवर कुणाचं तरी कोपर बसणं, म्हणून टॅक्सी. जाण्यायेण्यात ८०० गेले. घरी पोचेपर्यंत १२ वाजले, म्हणजे ९ तास झाले. आदल्या दिवशी तालमीला ३ तास दिले होते. १२ तासांचे उरले ७०० रुपये, तासाला ६० सुद्धा नाहीत. यातूनच पुडी बदलायची, वाद्या ओढून घ्यायच्या, रियाझाचा वेळ काढायचा आणि मुलाची फी भरायची.

पाकिटावरच्या आकड्याला होकार देताना आपल्यातले बहुतेक जण हा हिशेब करत नाहीत. तो करण्याची सवय लावणं, हे आमच्या चळवळीचं पहिलं काम आहे.

सियालदह आणि नारायणगाव

दुर्गापूजेच्या आधी दोन-चार दिवस सियालदह स्टेशनाबाहेर बांकुडा, मुर्शिदाबाद, नदिया जिल्ह्यांतले ढाकी, म्हणजे ढाक हा मोठा ढोल वाजवणारे, उतरतात. पांढऱ्या पिसांनी सजवलेला ढाक खांद्यावर, शेजारी दहा-बारा वर्षांचा मुलगा कांशी, म्हणजे वाजवायची काशाची थाळी, घेऊन. पूजा कमिटीची माणसं समोर उभी राहतात, दोन मिनिटं वाजवायला सांगतात आणि मग घासाघीस सुरू होते. ढाकी आकडा सांगतो, समोरचा अर्धा करतो. पंचमी जवळ येते तसा ढाक्याचा आकडा खाली येतो, कारण परतीचं भाडंही त्याच पैशातून निघायचं असतं. सौदा ढाकाचा होतो. कांशीवाला पोर त्यात फुकट धरलेला असतो. पाच दिवस दोघं मंडपात वाजवतात, मंडपातच झोपतात, आणि दशमीनंतर दारोदार बक्षिसी मागत फिरतात.

बेहाल्याच्या बडिशात साबर्ण रायचौधुरी घराण्याची पूजा १६१० पासून चालत आल्याचं सांगतात. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोनं कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. राज्य सरकारनं २०२५ मध्ये प्रत्येक पूजा कमिटीला १ लाख १० हजार रुपये दिले. वारसा ढाकाच्या आवाजासह मान्य झाला, अनुदानही आलं. ढाक्याची मजुरी मात्र अजून स्टेशनाबाहेर घासाघिशीवरच ठरते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावची यात्रा कमिटी येते, फड ठरतो, तारीख आणि सुपारी पक्की होते, विसार दिला जातो. सियालदहच्या मानानं ही रीत पुष्कळ बरी आहे. पण सुपारी फडाची ठरते. आतल्या ढोलकीवाल्याला, झीलकऱ्याला त्यातलं किती मिळणार, हे यात्रा कमिटीला ठाऊक नसतं. उचल घेऊन बांधला गेलेला कलाकार तोंड उघडत नाही. पैसा वरच्या दारातून आला की खालच्यापर्यंत पोचतोच असं नाही, हे आम्ही दोन्ही प्रांतांत पाहिलं आहे.

दर ठरवता येतात

‘कलेचा दर कसा ठरवणार?’ असं आम्हाला विचारतात. तो या देशात ठरलेला आहे. १९५२ ते १९६२ या काळात पुण्याचे बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कित्येक निर्णयांवर वाद झाले, पण त्यांच्या काळात आकाशवाणीवर ऑडिशन आणि श्रेणीची पद्धत रुजली. श्रेणीनुसार मानधन ठरलं, आणि साथीदारालाही स्वतःची श्रेणी मिळाली. मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशननं वादकांच्या श्रेणी आणि शिफ्टचे दर निर्मात्यांकडून मान्य करून घेतले. गोव्याहून आलेले व्हायोलिन-ट्रम्पेटवाले त्यांत मोठ्या संख्येनं होते. याच कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत पन्नास ते सत्तरच्या दशकांत वादकांना बांधील काम असे, रोज संध्याकाळी वाजवायचं आणि ठरलेला पगार घ्यायचा. त्या नियमित कामातून लुई बँक्स आणि कार्लटन किटोंसारखे वादक पुढे आले. पुढे करमणूक कर वाढला, शहराची घडी बिघडली आणि बहुतेक ठिकाणी वाद्यं बंद पडली. पण तिथे चांगलं संगीत आणि वेळेवर पगार एकाच छपराखाली नांदले होते.

आमची कलमं

१. कुठलंही काम घेताना आम्ही तीन गोष्टी विचारू : एकूण खर्च किती, कुणाला किती, आणि पैसे कधी. उत्तर न मिळाल्यास तारीख देणार नाही.

२. वाहतूक, जेवण आणि तालमीचा वेळ बिदागीत धरला जाणार नाही. तो वेगळा मांडला जाईल.

३. साथीदाराला मुख्य कलाकाराच्या किमान एक तृतीयांश मिळालं पाहिजे. मुख्य कलाकार आमच्यातलाच असेल, तरी हे कलम त्याला लागू आहे. आधी साथीदारांचे पैसे, मग स्वतःचे.

४. विसार घेतल्याशिवाय कार्यक्रम नाही. कार्यक्रम रद्द झाला तर विसार परत नाही. आणि आम्ही ऐन वेळी पाठ फिरवली तर दुप्पट परत करू.

५. एखाद्यानं हिशेब न मिळाल्यामुळे काम नाकारलं, तर तेच काम आमच्यापैकी दुसरा कुणी घेणार नाही.

६. ज्याच्या घरी खरोखर चूल पेटत नाही, त्यानं पडेल त्या दरात काम घेतलं तर त्याला कुणी दोष देणार नाही. त्याऐवजी आम्ही आपल्यातली एखादी तारीख त्याला देऊ.

७. शिष्याला मंचावर बसवलं तर त्यालाही पैसे मिळतील, थोडे का होईनात. कांशीवाल्या पोराचा हिशेब वेगळा लिहिला जाईल.

आमच्या मागण्या

पूजा कमिट्यांकडे आणि क्लबांकडे : वर्गणीचा हिशेब मंडपात लावता, त्यात ‘वादक’ अशी वेगळी ओळ असू द्या.

राज्य सरकारकडे : पूजेच्या अनुदानातला ठरावीक भाग ढाक्यांच्या मजुरीसाठी राखून ठेवा, आणि तो दिल्याची पावती घेतल्याशिवाय पुढच्या वर्षीचं अनुदान देऊ नका. २०१४ पासूनच्या लोकप्रसार प्रकल्पानं लोककलाकारांना ओळखपत्र आणि दरमहा हजार रुपये दिले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. त्याच ओळखपत्रावर किमान दरही छापा.

हॉटेलं आणि कॅफेवाल्यांकडे : गाणं ऐकायला लोक येतात म्हणून तुमची टेबलं भरतात. त्या दिवसाच्या विक्रीतला ठरलेला वाटा वादकांना द्या, म्हणजे मंदीत आम्हीही तुमच्याबरोबर कमी घेऊ.

महाराष्ट्र मंडळं आणि गणेशोत्सव मंडळांकडे : हौशी ढोल-ताशा पथकांच्या उत्साहाला आमचा नमस्कार. पण जिथे कालपर्यंत हलगीवाला, सनईवाला, बँडवाला पोट भरत होता, तिथे त्याला हटवून फुकटचा आवाज आणू नका. दोघांनाही बोलवा.

जे आम्हाला विरोध करतील त्यांना

‘तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा कुणी येईल.’ येईल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा जाहीरनामा एकट्याचा नाही. पाचव्या आणि सहाव्या कलमांवर तो उभा आहे. एकमेकांच्या पाठीशी उभं राहिलो नाही, तर बाकीची कलमं कागदावरच राहतील.

‘नवोदितांना संधी कशी मिळणार?’ संधी म्हणजे मंच, ऐकणारे आणि शिकवणारा सोबती. या तिन्ही गोष्टी आम्ही देऊ. नवोदिताच्या उमेदीवर दुसऱ्याचा नफा उभा करणं ही संधी नव्हे.

‘संगीत ही साधना आहे, धंदा नाही.’ साधना आहेच. म्हणूनच पहाटे पाचला उठून रियाझ करणाऱ्या माणसाला रात्री बाराला टॅक्सीच्या भाड्याची चिंता नसावी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. त्यांनी गायकाला दरबाराच्या दारातून बाहेर काढून समाजात मानानं उभं केलं. ते काम अजून साथीदारापर्यंत पोचायचं आहे.

आरंभ

रथयात्रेच्या दिवशी चितपूरच्या जात्रा-लोकनाट्याच्या कंपन्या नव्या हंगामाच्या तारखा घ्यायला सुरुवात करतात. येत्या रथयात्रेपासून ही सातही कलमं आम्ही पाळू. कोलकात्यात, पुण्यात, सांगलीत, पणजीत जो कुणी वाजवून पोट भरतो, त्यानं ती आपल्या गावच्या दरानं लिहून काढावीत, साथीदारांना बोलवावं आणि सह्या घ्याव्यात. पहिली सही त्या गावात सगळ्यात कमी पैसे मिळणाऱ्या वादकाची असावी.